जुन्या गाडीचा एक्सल उघडताय? प्रेस आणि खास हत्यारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँबॅसडर, फियाट-पद्मिनी किंवा विलीज घराण्यातली जीप स्वतःच्या हातानं, नाहीतर गावातल्या मिस्त्रीला सोबत घेऊन उभी करणाऱ्यांसाठी हे पान आहे. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडच्या बाजूला अशा गाड्या अजून कुठं शेडमध्ये, कुठं वाड्याच्या ढेळजेत उभ्या आहेत. इंजिनाचं काम लोक मन लावून करतात. एक्सलपाशी आलं की मात्र घण आणि गॅस कटर बाहेर निघतो, आणि अर्धं शतक टिकलेला शाफ्ट एका दुपारी भंगारात जातो. तसा शाफ्ट आता दुकानात सहज मिळत नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिलं आहे.

प्रेस (तेलाच्या दाबानं ढकलणारं यंत्र) घ्यायचाय. किती टनांचा घेऊ?

टन नंतर ठरवू. आधी तुमच्या गाडीच्या मागच्या एक्सलचा प्रकार ओळखा, कारण तीन प्रकारांना तीन वेगळी हत्यारं लागतात आणि त्यातल्या एकालाच मोठा प्रेस खरोखर लागतो.

पहिला प्रकार फियाट ११०० आणि पद्मिनीसारख्या गाड्यांचा, सेमी-फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजनही शाफ्टच पेलतो. बेरिंग थेट एक्सल शाफ्टवर बसतं आणि त्याच्यामागे एक घट्ट रिंग दाबून बसवलेली असते. त्या रिंगेच्या पकडीवरच शाफ्ट, आणि पर्यायानं चाक, गाडीत राहतं. इथं प्रेसला पर्याय नाही.

दुसरा प्रकार जुन्या जीपचा. हाही सेमी-फ्लोटिंगच, पण शाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं म्हणजे टेपर असतं. त्यावर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) चढवून चावी (खाचेत बसणारी लोखंडी पट्टी) घालतात आणि मोठ्या नटानं आवळतात. हब काढायला प्रेस कामाचा नाही, कारण शाफ्ट अजून गाडीतच असतो. इथं भारी हब पुलर (हब ओढून काढणारं हत्यार) लागतो.

तिसरा अँबॅसडरचा. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आलेल्या या गाडीच्या जुन्या एक्सलमध्ये थ्री-क्वार्टर फ्लोटिंग रचना आहे: बेरिंग हबच्या आत आणि एक्सलच्या नळीवर बसतं, शाफ्टवर बसत नाही. ड्रम काढला, शाफ्टच्या फ्लँजचे (टोकाच्या चपट्या तबकडीचे) स्क्रू सोडले की शाफ्ट बाहेर येतो. मग नळीवरचा मोठा आठकोनी नट काढायचा आणि हब ओढायचा. प्रेस लागतो तो हबमधून बेरिंग दाबून काढण्यापुरता, आणि त्याला दहा टनांचा साधा प्रेस सहसा पुरतो.

म्हणजे जीपवाल्यानं पहिला खर्च पुलरवर करावा, अँबॅसडरवाल्यानं योग्य मापाच्या आठकोनी गोटीवर (सॉकेटवर) आणि पद्मिनीवाल्यानं प्रेसवर. तिघांनीही आधी प्रेसच विकत घेतला तर दोघांचे पैसे अडकून पडतील.

बरं, पद्मिनीसाठीच घेतोय. आता टन सांगा.

वीस. बेरिंग आणि रिंग नव्यानं बसवायला यापेक्षा पुष्कळ कमी जोर लागतो. काढताना मात्र गंज, जुनं ग्रीस आणि आधीच्या मिस्त्रीनं ठोकलेल्या खुणा आडव्या येतात, त्यासाठी हातात शिल्लक जोर हवा. दहा टनांचा प्रेस बुश, छोटी बेरिंगं आणि हबच्या कामाला चांगला आहे, पण अडकलेल्या रिंगेपाशी तो शेवटच्या टोकाला ताणला जातो. तिथं सील फुटतं किंवा फ्रेम वाकते. तीस-पन्नास टनांचा विचार ट्रॅक्टरचंही काम करणाऱ्यांनी करावा.

टनांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे उंची, आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. बेरिंग शाफ्टच्या फ्लँजजवळ असतं आणि ते दातऱ्याच्या (शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या उभ्या खाचांच्या) टोकाकडून बाहेर यायचं असतं. काढताना फ्लँज खाली, दातरे वर असा शाफ्ट उभा करावा लागतो. बेरिंगला खालून टेकू देऊन वरून शाफ्टच्या टोकावर जोर द्यायचा. म्हणजे शाफ्टची जवळपास पूर्ण लांबी प्रेसच्या टेबलाच्या वर मावली पाहिजे, शिवाय रॅमला (दाब देणाऱ्या दांड्याला) जागा हवी. टेबलावर ठेवायच्या बुटक्या प्रेसमध्ये हा शाफ्ट जातच नाही, मग तो कितीही टनांचा असो. दुकानात जाताना शाफ्टची लांबी टेपनं मोजून कागदावर लिहून न्या. टेबल सगळ्यात खालच्या भोकात टाकून, रॅम पूर्ण वर घेऊन, मधलं अंतर स्वतः मोजा.

बसवताना उलटं करता येतं. दातरे खाली सोडून शाफ्ट टेबलाच्या फटीतून लोंबता ठेवायचा, बेरिंगच्या आतल्या कड्याला ठोकळ्यांवर टेकू द्यायचा आणि फ्लँजच्या मधोमध वरून दाबायचं. त्यासाठी टेबल उंच घेता आलं पाहिजे आणि त्याखाली शाफ्टला मोकळी जागा पाहिजे. दोन्ही बाजू जमत असतील तोच प्रेस एक्सलच्या कामाचा.

दाबाचं गेज खरंच लागतं का? मिस्त्री म्हणतात हाताला कळतं.

अनुभवी हाताला बरंच कळतं, हे खरं. पण रिंगेच्या बाबतीत गेज ही चैन नाही. नवी रिंग बसवताना ती किती जोरानं सरकली, हाच तिच्या पकडीचा पुरावा असतो. रिंग अलगद घसरत गेली तर शाफ्ट झिजलाय किंवा रिंगेचं भोक मोठं आहे. अशी रिंग वळणावर सरकेल आणि चाकासकट शाफ्ट बाहेर येईल. ते काम तिथंच थांबवायचं.

गेजवरचा आकडा टनांत नसेल तर हिशेब सोपा आहे. सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास ६० मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण २८.३ चौ. सेंमी. गेजवर दर चौ. सेंमीला २५० किलो दिसत असतील तर जोर झाला साधारण ७ टन, आणि ७०० दिसत असतील तर जवळपास २० टन. व्यास आतल्या पिस्टनचा धरायचा, बाहेर दिसणाऱ्या दांड्याचा नाही. हा तक्ता एकदा करून प्रेसवर ऑइल पेंटनं लिहून ठेवा.

आणखी एक खूण. गेजचा आकडा चढतोय पण बेरिंग किंवा रिंग केसभरही हलत नाही, तर पंप मारणं थांबवा. टेकू कुठं लागलाय ते बघा, चौकोनी बसलाय का बघा, डिझेल किंवा गंजनाशक तेल सोडून थांबा. नुसता जोर वाढवत गेल्यानं फुटण्याची वेळ तेवढी जवळ येते.

हातपंपाचा प्रेस की विजेचा?

हातपंपाचा. एक्सलच्या कामात वेगाचा उपयोग नाही, प्रत्येक दांड्याला काय घडतंय ते हाताला समजलं पाहिजे. शिवाय तालुक्याच्या गावी वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.

तयार प्रेस घ्यावा की बनवून घ्यावा?

मराठवाड्यात बनवून घेणं वाटतं तेवढं अवघड नाही. जालन्यात पोलादाच्या गिरण्या आहेत, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या औद्योगिक वसाहतींमुळे संभाजीनगरात चांगले टर्नर आणि फॅब्रिकेटर आहेत. जाड चॅनलची फ्रेम कुणीही वेल्ड करून देईल. अडचण फ्रेममध्ये नसते, ती असते टेबल पेलणाऱ्या पिनांमध्ये. टेबलाखाली घालायला हाताशी असलेल्या सळईचे तुकडे वापरलेले दिसतात. सळई बांधकामात ओढ सोसायला बनवलेली असते, प्रेसच्या पिनेवर कातर पडते. पिना ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) किंवा त्याहून सरस पोलादाच्या, लेथवर गोल केलेल्या, भोकात नीट बसणाऱ्या घ्या. वरची आडवी तुळई नुसत्या वेल्डवर सोडू नका. रॅमचा सगळा जोर तिला वर उचलायला बघतो, म्हणून ती दोन्ही खांबांच्या आरपार बोल्टनंही धरलेली असावी.

टेबल आणि रॅम एकमेकांना काटकोनात आहेत का, हे गुनिया लावून बघून घ्या. बनवून घेतलेल्या प्रेसमध्ये चुकतं ते बहुतेक इथंच. रॅम जरा जरी तिरका असला तर बेरिंग तिरकं सुरू होतं आणि शाफ्टवर ओरखडा काढतं.

प्रेस शेडमध्ये कुठं उभा करू?

काळ्या मातीवर नुसता ठेवू नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि सरळ उभा केलेला प्रेस वर्षभरात कललेला दिसतो. वरची काळी माती काढून मुरूम भरा, धुमस करा, वर काँक्रीटचा ओटा घाला आणि प्रेस त्याला अँकर बोल्टनं धरा. पाणसळ दर मोसमाला एकदा लावून बघावी.

बेरिंग स्प्लिटर म्हणजे काय, आणि तो नसला तर भागतं का?

एक्सलच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हत्यार कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी प्रेसच्या आधी याचं नाव घेतो. दोन अर्धगोल पाती, एका बाजूनं पाचरीसारखी पातळ केलेली, दोन लांब बोल्टांनी जोडलेली. बेरिंग आणि फ्लँजच्या मधल्या फटीत ती दोन्ही बाजूंनी सरकवून आवळली की बेरिंगला चहूबाजूंनी टेकू मिळतो.

टेकूचा नियम एकच, पण तो पक्का. जो भाग घट्ट बसलेला आहे त्यालाच जोर मिळाला पाहिजे. बेरिंग शाफ्टवर घट्ट असेल तर जोर आतल्या कड्यावर, हबमध्ये घट्ट असेल तर बाहेरच्या कड्यावर. शाफ्टवर बसवताना बाहेरच्या कड्याला दाबलं तर सगळा जोर गोळ्यांतून आत जातो. गोळ्या कड्यावर बारीक खळगे पाडतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, आणि नवं बेरिंग थोड्याच दिवसांत घरघरायला लागतं. मग लोक बेरिंगच्या कंपनीला दोष देतात. काढताना जुनं बेरिंग फेकायचंच असेल तर बाहेरून ओढलं तरी चालतं, पण तेच परत वापरायचं असेल तर नाही.

स्प्लिटर घेताना त्याची कड तपासा. स्वस्त स्प्लिटरची कड जाड असते, ती फटीत शिरत नाही, आणि लोखंड मऊ असलं तर दोन वापरांत वाकते. दोन मापांचे असावेत.

त्याच्यासोबत ठोकळ्यांचा संच करून घ्या. जाड पाइपचे तुकडे, दोन्ही तोंडं लेथवर समांतर केलेली, वेगवेगळ्या व्यासांची. प्रत्येक ठोकळ्यावर आतला-बाहेरचा व्यास कोरून ठेवा. टर्नरला बेरिंगचा नंबर सांगितला तरी तो कड्याच्या मापाचा ठोकळा करून देईल. पन्नास टनांचा प्रेस आणि वेडेवाकडे भंगाराचे तुकडे यापेक्षा वीस टनांचा प्रेस आणि असा संच हे केव्हाही चांगलं.

रिंग कशी काढायची? सगळेजण गॅस कटर वापरतात.

वापरू नका. शाफ्टचा पृष्ठभाग उष्णतेची प्रक्रिया देऊन कठीण केलेला असतो. गॅसच्या ज्योतीनं तो तापून निळा पडला की तिथं तो मऊ होतो, आणि तुटतो तेव्हा नेमका तिथंच तुटतो. ज्योतीनं शाफ्टला खाच पडली तर आणखी वाईट, कारण त्या खाचेतून पुढं भेग वाढते.

रिंग परत वापरायची नसतेच. म्हणून तिच्या बाहेरून आत, शाफ्टपर्यंत न पोचेल असं भोक पाडा. ड्रिलवर चिकटपट्टीनं खोलीची खूण करून घ्या. मग त्या भोकावर धारदार छन्नी ठेवून दोन-तीन नेमके फटके. रिंग चिरते, पकड सुटते आणि ती हातानं सरकते. मागचं बेरिंग मग प्रेसवर पुष्कळ कमी जोरात येतं. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावल्याशिवाय ही छन्नी हातात घेऊ नये.

जीपचा मागचा हब निघतच नाही. तीन पायांचा पुलर लावला, त्याचे पायच उघडले.

तो पुलर या कामाचा नाही. टेपरवर वर्षानुवर्षं बसलेला हब सोडवायला पुलर हबच्या पाचही स्टडांना धरणारा हवा. विलीज घराण्यातल्या जीपचे पाच स्टड साडेपाच इंचांच्या वर्तुळावर असतात. तेवढा पसारा धरू शकणारा, जाड प्लेटचा आणि मोठ्या आट्यांच्या मधल्या बोल्टचा पुलर बघा. चांगल्या पुलरच्या बोल्टावर घण मारायला आडवा दांडा असतो.

कामाची पद्धत अशी: नटाची पिन काढा, नट सोडा, पण पूर्ण काढू नका. दोन-चार आटे तसाच राहू द्या. हब सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा आवाज करून उडतो, आणि तो नट त्याला अडवतो. मग पुलर घट्ट आवळा, दांड्यावर घणाचा फटका, परत आवळा, परत फटका. निघाला नाही तर ताण तसाच ठेवून रात्रभर सोडून द्या, सकाळी बऱ्याचदा तो आपोआप सुटलेला मिळतो. पुलरच्या समोर, शाफ्टच्या रेषेत कुणी उभं राहू नये. शेजारी बघायला जमलेल्या पोरांनाही लांब करा.

शाफ्टच्या टोकावरच्या आट्यांना जपा. पुलरचा बोल्ट आणि शाफ्ट यांच्यामध्ये जाड पितळी किंवा मऊ लोखंडी टोपी ठेवली तर आटे पसरत नाहीत.

बसवताना टेपर स्वच्छ आणि कोरडा. ग्रीस लावू नका. चावी खाचेत खुळखुळत असेल तर नवी करून घ्या. टेपरची पकड आणि चावी दोन्ही मिळून चाक फिरवतात, एक ढिली पडली की दुसरी फार काळ टिकत नाही. नटाला किमान १५० फूट-पाउंड म्हणजे जवळपास २०५ न्यूटन-मीटर इतका पीळ द्यायचा. पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढं आवळून जुळवा, मागं सोडून कधीही नाही. यासाठी टॉर्क पाना हवाच. पान्याला चार फुटांचा पाइप लावून ओढल्यानं किती बसला ते कळत नाही.

अँबॅसडरचा आठकोनी नट छन्नीनं काढतात. तसं करावं का?

आठकोनी गोटी टर्नरकडून करून घेता येते, छन्नीनं तो नट आणि नळीचे आटे दोन्ही खराब होतात. सुरुवात करण्याआधी लॉक वॉशरची दुमड सरळ करा आणि आट्यांची दिशा बघा. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) पद्धतीच्या या एक्सलांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात. हे माहीत नसल्यामुळं सोडतोय असं समजून लोक तो नट जिवाच्या आकांतानं आवळत बसतात.

बेरिंग तापवून बसवलं तर प्रेसची गरजच नाही, खरं का?

बरंचसं खरं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करून घालतात आणि पाणी मारलं की ती आकसून चाकाला आवळते. तत्त्व तेच आहे, पण तापमान अगदी वेगळं ठेवायचं. बेरिंगचं पोलाद साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर नेलं तर त्याची प्रक्रिया आणि माप बिघडायला लागतं. म्हणून ११० अंशांच्या आसपास थांबा. उघडी ज्योत लावू नका. स्वच्छ तेलाच्या पातेल्यात, तळाला जाळी ठेवून, थर्मामीटर लावून तापवा. सीलबंद आणि आत ग्रीस भरलेलं बेरिंग तेलात टाकायचं नसतं. ते इंडक्शन हीटरवर किंवा प्रेसनंच बसवावं.

हिशेब असा. पोलाद दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०१२ मिमी वाढतं. चाळीस मिमी भोकाचं बेरिंग ७० अंशांनी तापलं तर भोक ०.०३ मिमीपेक्षा थोडं जास्त मोठं होतं. या मापाच्या बेरिंगची शाफ्टवरची पकड बऱ्याचदा ०.०१ ते ०.०३ मिमीच्या घरात असते. म्हणजे काम जेमतेम भागतं.

इथंच आपला उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात शेडमध्ये शाफ्टच ४० अंशांवर असतो. बेरिंग ११० वर नेलं तरी फरक ७० चाच राहतो. थंडीत पहाटे १५ अंशांवर काम केलं तर तोच फरक ९५ होतो. कामाला येतो तो दोघांच्या तापमानातला फरक. म्हणून उन्हाळ्यात शाफ्टचं टोक आधी बर्फात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तासभर ठेवा. काढल्यावर त्यावर पाण्याचे थेंब जमतात ते लगेच कोरडे करा, नाहीतर आत गंज बसेल. बेरिंग सरकल्यावर फ्लँजकडे दाबून धरा, कारण थंड होताना ते थोडं मागं येऊ बघतं.

रिंग वेगळी गोष्ट आहे. तिची पकड बेरिंगपेक्षा जास्त असते आणि काही कंपन्या ती बेरिंगपेक्षा खूप जास्त तापवून घालायला सांगतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे तापमान असेल तेच धरा. आधी बेरिंग, मग रिंग, दोन्ही वेगवेगळे दाबायचे. एकाच दाबात दोन्ही बसवले तर रिंगेला लागणारा जास्तीचा जोर बेरिंगवरून जातो.

डिफरन्शियलसाठी काय काय लागेल?

इथं प्रेसपेक्षा मोजण्याची हत्यारं जास्त. मॅग्नेटिक स्टँडवर बसणारं, ०.०१ मिमी वाचणारं डायल गेज. मायक्रोमीटर. क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलच्या मुख्य दोन गिअरच्या) दातांवर लावायचा निळा किंवा पिवळा रंग. आणि पिनियनच्या बेरिंगचा ताण मोजायला इंच-पाउंडांत वाचणारा लहान टॉर्क पाना. मोठा टॉर्क पाना एवढ्या कमी आकड्यांत खरं सांगत नाही.

जीपच्या डाना (अमेरिकी एक्सल कंपनी) पद्धतीच्या हाउसिंगला (डिफरन्शियलच्या पेटीला) आणखी एक हत्यार लागतं, हाउसिंग थोडंसं फाकवणारं स्प्रेडर. आतली बेरिंगं शिमांसकट (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्यांसकट) घट्ट बसलेली असतात आणि पहारी घालून ती उचकटली तर हाउसिंगच्या कडा जातात. स्प्रेडर लावताना डायल गेज हाउसिंगवर लावून ठेवा. अर्ध्या मिमीच्या पुढं हाउसिंग फाकवायचं नाही, ते परत पूर्ववत होत नाही. अँबॅसडरचा आतला भाग पुढून सुट्टा निघतो, त्याला स्प्रेडर लागत नाही.

जुन्या शिमा फेकू नका. कुठली कुठून निघाली ते लिहून ठेवा, प्रत्येकीची जाडी मोजा. नवी जुळवणी तिथूनच सुरू होते.

मिलिमीटरचे पाने चालतील का?

फियाटला चालतील, ती मेट्रिक गाडी आहे. जीप आणि अँबॅसडरला इंची पाने घ्या. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथं १९ चा पाना जेमतेम भागवतो. पण १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना सैल बसतो आणि जुन्या, गंजलेल्या नटाची डोकी गोल करतो. त्याहून जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थचे नट मिळतात. त्या पान्यांवर लिहिलेला आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नसतो, म्हणून तो इतर पान्यांशी जुळत नाही. जुन्या बाजारात असा पूर्ण संच दिसला तर घेऊन ठेवा.

किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्या) बुशांसाठी काय लागतं?

पुढचा सलग बीम एक्सल असलेल्या जुन्या गाड्यांना प्रेस, नीट मापाचा ढकलायचा दांडा आणि जुळवता येणारा हँड रीमर (भोक मापात घासणारं हत्यार) लागतो. दोन्ही बुश एका रेषेत रीम झाले पाहिजेत, त्यासाठी पुढं मार्गदर्शक दांडा असलेला रीमर घ्या. हे काम ट्रक दुरुस्त करणारे जुने फिटर फार सफाईनं करतात, त्यांच्याकडून करून घेणंच बरं.

एवढं सगळं विकत घेणं परवडत नाही.

घेऊही नका. स्प्लिटर, ठोकळे, डायल गेज आणि तुमच्या गाडीचा खास पुलर किंवा गोटी, एवढं स्वतःचं असावं. प्रेसचं काम वर्षातून एखाद्या वेळी असेल तर तालुक्याच्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये किंवा मशीन शॉपमध्ये पैसे देऊन करा. फक्त टेकू कुठं लावायचा ते तुम्ही उभं राहून सांगा आणि तुमचा ठोकळ्यांचा संच घेऊन जा. ट्रॅक्टरच्या जाड शाफ्टांची सवय असलेला हात मोटारीच्या बारीक शाफ्टाला जास्त जोर देतो, म्हणून ते आधी बोलून घ्यावं.

भंगारातला जुना प्रेस घ्यावा का?

रॅम पूर्ण बाहेर काढायला लावा. दांड्यावर खड्डे किंवा उभे ओरखडे असतील तर सील टिकणार नाही. दाब देऊन दहा मिनिटं सोडा, गेजची सुई उतरली तर गळती आहे. ती दुरुस्त होते. वाकलेली फ्रेम किंवा दुसऱ्यांदा वेल्ड केलेली तुळई असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

प्रेसवर काम करताना धोका कशाचा?

बेरिंगचं बाहेरचं कडं कठीण असतं. ते वाकत नाही, थेट फुटतं, आणि तुकडे शाफ्टच्या चहूबाजूंनी उडतात. दाब देताना बेरिंगभोवती जाड गोणपाटाचे तीन-चार वेढे किंवा लोखंडी नळीचं कवच घाला. तोंडावर पूर्ण पारदर्शक ढाल हवी. रिंग सुटली की शाफ्ट एकदम खाली पडतो, म्हणून खाली लाकडी फळी ठेवा आणि पाय लांब. रॅमखाली सुट्या वॉशरची उतरंड रचू नका.

मूळ एक्सल काढून नव्या गाडीचा बसवला तर?

गाडी रोज वापरायची असेल तर तो तुमचा निर्णय. जुनी म्हणून जपायची असेल तर मूळच ठेवा, असं माझं ठाम मत आहे. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आणलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. परका एक्सल बसवायला चॅसीवरचे ब्रॅकेट कापावे, वेल्ड करावे लागतात, आणि हाच बदल अडचणीचा ठरू शकतो. या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि ती गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नसते.

सगळं बसवलं. चालवण्याआधी काय बघू?

चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा, घरघर किंवा अडखळणं नको. डायल गेज शाफ्टच्या टोकाला लावून आत-बाहेर ओढून बघा. टेपर एक्सलच्या जीपला ही हालचाल ०.०२५ ते ०.१५ मिमी, म्हणजे इंचाच्या एक ते सहा हजारांश भागांत असावी. ती शिमांनी जुळवतात. ब्रेक प्लेटवर तेलाचा ओलावा दिसतो का ते पुन्हा बघा, नव्या सीलची कड बसवताना दुमडली असेल तर पहिल्या फेरीतच कळतं. हळू वेगानं गावाबाहेर जाऊन या, थांबल्यावर दोन्ही ड्रमना हात जवळ नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त तापली असेल तर ब्रेक घासतोय किंवा बेरिंग आवळलं गेलंय. जीपच्या हबचा नट या पहिल्या फेरीनंतर परत टॉर्क पान्यानं तपासा आणि मगच पिन दुमडा.